सरपंचांनो, चार्ज द्या आणि घरी जा

प्रति,
कोकण किनारपट्टीवरच्या गावांचे सरपंच, उपसरपंच, मच्छीमार सोसायट्यांचे चेअरमन आणि महिला ग्रामसंघांच्या अध्यक्षा यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आरोग्य खात्यात नर्स होते, आता निवृत्त आहे. मालवण आणि देवगड तालुक्यांतली उपकेंद्रं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि काही काळ ग्रामीण रुग्णालय, एवढ्यातच माझी सगळी नोकरी झाली. गावाचा कारभार बघणाऱ्या माणसांशी आमचं रोजचं काम. लसीकरणाला खोली हवी, सरपंचांना सांगा. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, पडलेलं नाही, सरपंचांना सांगा. रात्री बाळंतिणीला न्यायला गाडी मिळत नाही, सरपंचांना उठवा. तुम्ही उठलात, दर वेळी उठलात. म्हणून हे पत्र तक्रारीचं नाही. तुमची काळजी वाटते म्हणून लिहिते, आणि उघड लिहिते कारण यातलं निम्मं तुमच्या गावानंही वाचायला हवं.

माझं म्हणणं असं: तुम्ही विश्रांती घ्या. चोरून घेऊ नका, गावाला सांगून घ्या. आणि घेताना जीव खाऊ नका स्वतःचा.

तुम्ही दवाखान्यात कसे येता ते मी पुष्कळ पाहिलंय. केसपेपरच्या खिडकीवर माणसं यायच्या आधी तुम्ही दारात. बाकावर नीट टेकायचं नाही, कडेला बसायचं. एक हात माझ्याकडे पट्टी बांधायला, दुसऱ्या हातात फोन. "सिस्टर, गोळी दिया आणि माका जावंक दिया. धा वाजता बीडीओ येतले." अशाच एका सरपंचांचं प्रेशर १८०/११० भरलं होतं. मी त्यांना अर्धा तास पडून राहायला सांगितलं. पाच मिनिटांत तीन फोन आले. पहिला, वरच्या वाडीत पंप सुरू झालेला नाही. दुसरा, रहिवासी दाखल्यावर सही कधी मिळणार. तिसरा, दुपारच्या कार्यक्रमाला शाळेतल्या खुर्च्या कोण आणणार. तिसऱ्या फोनला ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

पाणी सोडायला ग्रामपंचायतीचा माणूस पगारावर होता. दाखला संध्याकाळी मिळाला असता तरी कुणाचं काही अडणार नव्हतं. आणि खुर्च्यांसाठी एवढ्या प्रेशरचा माणूस उन्हातून चालत गेला. माणूस भला होता, गावाची कळकळ असलेला होता, म्हणून तर जास्त जिवाला लागलं.

"लोकांनी निवडून दिलंय, मी पडून कसा राहू?" हे मी किती तोंडांतून ऐकलंय. गावही तसंच बोलतं. सरपंच दुपारी ओटीवर आडवा झालेला दिसला की तिठ्यावर कुणीतरी म्हणतंच, "निवडून आणलो तो झोपाक?" या बोलण्याला भिऊन तुम्ही दार लोटून आतल्या खोलीत पडता आणि घरच्यांना सांगून ठेवता, "कोणी इलो तर सांग, ओरोसाक गेलेत." (ओरोस म्हणजे आमच्या जिल्ह्याचं मुख्यालय.) मग ओटीवर चपलांचा आवाज आला की छातीत धस्स होतं. त्या झोपेनं अंगाला काय आराम पडणार? कान सगळा वेळ दाराकडे.

आता माझ्या कामाच्या भागाकडे येते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा लांबलेल्या कामामुळे सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. तुम्ही स्वतःचे तास कधी मोजलेत? ग्रामपंचायतीत बसलेले तेवढेच मोजू नका. पंचायत समितीत साहेबांच्या दाराबाहेर ताटकळलेले, भांडण मिटवायला रात्री कुणाच्या तरी पडवीत बसलेले, मयताला गेलेले, आणि जेवताना फोनवर बोललेले, सगळे धरा. शिवाय तुमचा स्वतःचा पोटापाण्याचा धंदा आहेच. बाग आहे, होडी आहे, दुकान आहे. मानधनावर तुमचं घर चालत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

झोपेचं तर मला जास्तच भय वाटतं. माणूस सलग सतरा तास जागा राहिला की त्याचं भान आणि हातपाय चालण्याची गती किती मंदावते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी ती मंदावते. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्यानं धरलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे पाचला उठलेला सरपंच रात्री दहाला ओरोसहून मोटारसायकलनं घरी निघतो तेव्हा तो दारूच्या थेंबालाही न शिवता या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. पुढे घाटी, वळणं, पावसात समोरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर. मुंबईला मंत्रालयात काम असलं तर रात्रभर हायवेनं जायचं, दिवसभर बाकावर बसायचं आणि पुन्हा रात्री परत निघायचं, असं तुम्ही करता. चार दिवसांचं काम दोन दिवसांत केलं म्हणून गाव कौतुकही करतं.

कोकण रेल्वेच्या गाडीचा ड्रायव्हर बघा. आठ तासांची किंवा जास्त ड्युटी करून तो आपल्या मुख्यालयी परतला की त्याला सोळा तास विश्रांती द्यावी, असा रेल्वेचा नियम आहे. एसटीसारख्या गाड्यांच्या ड्रायव्हरला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, हे १९६१ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. त्यांच्या हातात पन्नास माणसांचा जीव, हजार माणसांचा जीव, म्हणून त्यांची विश्रांती कागदावर आली. तुमच्या एका सहीवर गावाची नळपाणी योजना ठरते, कुणाची पायवाट बंद होते किंवा उघडते. पण नोकरदाराला असते तशी किरकोळ रजा, अर्जित रजा तुमच्या पदाला नाही. तुमच्या बाजूचे ग्रामपंचायत अधिकारी रजेचा अर्ज टाकू शकतात. तुम्ही कुणाकडे टाकणार? ती सोय तुम्हालाच करून घ्यावी लागेल, म्हणून एवढं लिहायचं.

थकव्याचं आणखी एक रूप आहे, ते प्रेशरच्या मशिनवर दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट' या नावानं त्याची नोंद केली आहे. रोग म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. तीन खुणा सांगितल्यात: अंगातली सगळी शक्ती आटल्यासारखी वाटणं, आपल्याच कामाचा वीट येऊन त्यापासून मनानं लांब जाणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागणं. दुसरी खूण मी गावागावांत बघितली आहे. पहिल्या वर्षी वाडीवाडीत जाऊन म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे फॉर्म स्वतः भरणारा माणूस. तिसऱ्या वर्षी तीच म्हातारी पिशवीत कागद घेऊन समोरून येताना दिसली की तो रस्ता बदलतो. लोक म्हणतात, खुर्ची डोक्यात गेली. मला तसं कधी वाटलं नाही. त्याच्यात द्यायला काही उरलेलंच नव्हतं. अशा माणसाला मत न देण्यानं म्हातारीचा फॉर्म भरला जात नाही. त्याला दोन वर्षं आधी आठ दिवस घरी बसवलं असतं, तर भरला गेला असता.

तुम्ही म्हणाल, संकट काय आम्हाला विचारून येतं? मे २०२१ आठवतोय मला. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात, शाळांमध्ये विलगीकरण, आणि त्यातच तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. माड, आंबे आडवे झाले, विजेचे खांब पडले, कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात. आधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळानं रायगड, रत्नागिरीचं तेच केलं होतं. पुढे जुलैत चिपळूण बुडालं. अशा वेळी घरी जाऊन झोपा असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण एक गोष्ट मी बघत होते. त्याच वादळात दवाखान्यात आमच्या पाळ्या चालू होत्या. रात्रपाळीची नर्स सकाळी घरी जात होती, पडलेल्या झाडांवरून चढून जावं लागलं तरी जात होती, आणि दुसरी येत होती. गावाच्या समितीला मात्र पाळ्या नव्हत्या. तीच चार-पाच माणसं, तिसऱ्या दिवशी डोळे तांबडेलाल, एकमेकांवर खेकसत होती. मदत येऊन पडली होती, आणि कुठल्या वाडीला ताडपत्री गेली, कुठल्या नाही, याचा मेळ कुणालाच लागत नव्हता.

पाळी संपते तेव्हा आम्ही काय करतो ते तुम्हाला नीट सांगते, कारण माझ्या मते सगळं त्यातच आहे. आम्ही चार्ज देतो. येणाऱ्या नर्सला घेऊन खाटेखाटेपाशी जायचं. पहिल्या खाटेवरची रात्री बाळंत झालेय, रक्तस्राव बघत राहा. तिसऱ्यावर सर्पदंश, पायाची सूज गुडघ्याच्या वर सरकली तर डॉक्टरांना लगेच बोलाव. पाचव्याचं सलाईन संपत आलंय, त्याची मुलगी घाबरलेय, तिच्याशी बोल. सगळं सांगून झालं की वहीत लिहायचं, सही करायची आणि निघायचं. पेशंट तितकेच आजारी असतात. आपण निघाल्यावर कुणी दगावूही शकतं. तरी चार्ज देऊन घरी गेलेल्या नर्सला कुणी कामचुकार म्हणत नाही आणि तिच्याही मनाला टोचणी राहत नाही. ती अंघोळ करते, पेज जेवते आणि गाढ झोपते.

तुम्हाला टोचणी लागते कारण तुम्ही चार्ज न देता निघता. सगळं तुमच्या डोक्यात, तुमच्या खिशात. टाकीच्या खोलीची चावी तुमच्याकडे, ठेकेदाराचा नंबर तुमच्याकडे, कुठल्या घराशी बोलताना कुठला विषय काढायचा नाही हे तुम्हालाच ठाऊक. मग देवदर्शनाला गेलात तरी मन इथेच. सरपंच नसताना काम बघायला कायद्यानं उपसरपंच दिलेला आहे. पण कितीतरी गावांत उपसरपंचाला विचाराल तर तो सांगेल, "माका काय ठावक नाय, सगळा सरपंचच बघतत." काही ठिकाणी तो विरोधी पॅनेलचा असतो, हे मला कळतं. त्याच्या हातात आठ दिवस दिले तर तो काय करील, ही धास्ती असते. माझं म्हणणं, पाणी सोडणं, दाखले, दिवाबत्ती, कचरा यांत पॅनेल कुठे येतं? तेवढं त्याला द्या. लिहून द्या. चांगलं केलं तर गावाचंच भलं झालं.

एक गोष्ट मात्र कुणाला देऊ नका: तुमच्या डिजिटल सहीचा डोंगल. ती तुमची सही आहे, तिच्यावर पैसे निघतात, आणि मागून निस्तरायचं तुम्हालाच. बिलं आठ दिवस थांबली तर थांबू देत. ठेकेदाराला आधी सांगून ठेवा.

फोनचंही असंच. गावाचा एक नंबर वेगळा ठेवा आणि रजेच्या दिवसांत तो उपसरपंचाकडे द्या. तुमचा घरचा नंबर दोन माणसांकडे पुरे. कुणी समुद्रात बुडालं, आग लागली, दरड कोसळली, मोठा अपघात झाला, असं काही असेल तर त्यांनी तुम्हाला उठवावं. सर्पदंशाला आणि बाळंतपणाला आधी १०८ लावावा, सरपंच नंतर. बाकी लाइट गेली, कुत्रा ओरडतोय, शेजाऱ्यानं गडगा (कुंपणाची दगडी भिंत) वाढवला, हे सगळं सोमवारपर्यंत थांबू शकतं. गडगा चार दिवसांत पळत नाही.

चार दिवस गाव थांबलं तर आकाश कोसळेल, ही भीती तर आपल्या मुलखात कुणी घालूच नये. आचऱ्याची गावपळण आपण सगळे जाणतो. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. बाजारपेठ बंद, घरं बंद, चुली बाहेर. वेशीपलीकडे झापांच्या खोपी उभ्या राहतात, रात्री भजनं होतात, फुगड्या होतात, एरवी एकमेकांकडे मान वळवून न बघणारी घरं शेजारी शेजारी जेवतात. चिंदरला, वायंगणीलाही ही रीत आहे. तिच्यामागची श्रद्धा ज्याची त्याची. मी तिथे नर्सच्या नजरेनं बघितलं. ज्या बाया एरवी कंबर दुखते म्हणून गोळ्या न्यायला येत त्या तीन दिवस हसत होत्या. त्यात गावाचे मानकरीही होते, सदस्यही होते. कुणाच्याच मनात कसली टोचणी नव्हती, कारण सगळ्यांनी मिळून, देवासमोर, उघडपणे थांबायचं ठरवलेलं होतं. परत कौल घेऊन माणसं घरी आली तेव्हा गाव होतं तिथेच होतं.

मोठ्या माणसांचे दाखले देऊन तुम्हाला कुणी सांगेल की खरा सेवक थकत नाही. तसं नाही. गांधीजींचा सोमवार मौनाचा असे. २ जून १९४७, सोमवार. देशाच्या फाळणीची योजना पुढाऱ्यांसमोर ठेवली गेली तो दिवस. त्या दिवशी माउंटबॅटन यांना भेटायला गेले तेव्हाही ते बोलले नाहीत. जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून उत्तरं दिली. त्यापेक्षा निकडीचं काम आपल्या कुणाच्या ग्रामपंचायतीत येणार आहे?

आणि विनोबा तर आपल्याच कोकणातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली होती, वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आलेलं. गांधीजींनी बोलावून घेतलं आणि प्रकृतीकडे लक्ष द्यायला सांगितलं. विनोबांनी वर्ध्याजवळचं पवनार निवडलं. धाम नदीचा पूल ओलांडताना ते "संन्यस्तं मया" असं म्हणाले, आश्रमाच्या सगळ्या कामांचं ओझं त्यांनी त्या पुलावर मनातून उतरवलं, आणि पलीकडे गेले. काही दिवस काही केलं नाही. मग थोडं थोडं खणायला लागले, मोकळ्या हवेत राहिले, आणि वर्षभरात प्रकृती सावरली. पुढे १९५१ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, पोचमपल्लीहून त्यांची भूदानाची वाट सुरू झाली आणि ते वर्षानुवर्षं देशभर पायी चालत राहिले. मला या सगळ्यात तो पूल फार मोलाचा वाटतो. सुट्टीवर जाताना काम मनातून उतरवायची एक जागा ठरवलेली असावी. कुणाला खाडीवरचा पूल चालेल, कुणाला एसटी स्टँड.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबली. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून किती गेली त्याला गणती नाही. त्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून रविवारची सुट्टी मिळवली, १० जून १८९० ला. त्यांनाही कामगारांना आळशी करतोय असं ऐकावं लागलं असणार. आज रविवारच्या सुट्टीची कुणाला लाज वाटते का?

आता सरपंच ताईंशी वेगळं बोलायचंय, कारण त्यांचं दुखणं वेगळं आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आल्या. कारभार आला, पण घरचं काम काही कमी झालं नाही. सकाळी भाकऱ्या करून, सासूला औषध देऊन, मुलांना शाळेत घालवून ताई ग्रामसभेत येतात आणि सभा संपवून पुन्हा चुलीपाशी जातात. त्यांची तपासणी करायला घेतली की म्हणायच्या, "माका काय झालेला नाय गे बाय, फक्त झोप लागणा नाय." प्रेशर, साखर, हिमोग्लोबिन, तिन्ही बिघडलेली. आपल्याकडे बाईच्या विश्रांतीला एकच राजमान्य वाट होती, माहेरपण. चार दिवस माहेरी गेलं तर कुणी बोट दाखवत नसे. सरपंच झाल्यावर तेही गेलं, कारण "गाव टाकून माहेरी गेली" असं म्हणायला लोक टपलेले. ताई, तुम्ही माहेरी जा. आईच्या हातची भात-कढी खा, दुपारी अंगणात चटई टाकून झोपा. आणि तुमच्या यजमानांना एक सांगणं: त्या गेल्यावर ग्रामपंचायतीत तुम्ही बसायचं नाही. चार्ज उपसरपंचांकडे. तुम्ही घर सांभाळा, म्हातारीच्या गोळ्या वेळेवर द्या. तेवढ्यानं ताईंची झोप परत येईल.

केव्हा घ्यायची सुट्टी, हा प्रश्न आपल्याकडे खरोखर अवघड आहे. मे महिन्यात चाकरमानी, लग्नं आणि पाणीटंचाई. जून-जुलैत पाऊस, दरडी. भाद्रपदात गणपती. कार्तिकापासून जत्रा, मग शिमगा. मोकळा महिना शोधत बसलात तर पाच वर्षांची मुदत संपेल. त्यापेक्षा आठवड्याचा एक वार धरा आणि तो मोडू नका. सलग आठ दिवस हवे असतील तर गणपती गेल्यावर पितृपक्ष बरा. लग्नकार्य नाही, उद्घाटनं नाहीत, साहेबलोकही कमी फिरतात. २ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ असते तेवढी तारीख बघून घ्या.

सोसायटीच्या चेअरमन मंडळींना तर सरकारनंच वेळ दिलेला आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. माशांची पैदास व्हावी आणि खवळलेल्या दर्यात माणूस जाऊ नये म्हणून. खलाशी गावाला जातात, होड्या वर ओढून झाकल्या जातात. चेअरमन मात्र डिझेल परताव्याच्या फायली आणि परवान्यांचं नूतनीकरण घेऊन ऑफिसात. एरवी हंगामात एलईडीवाले, म्हणजे दिव्यांच्या झोतावर मासे धरणारे, दिसले की रात्री दोनला फोन, मारामारी होऊ नये म्हणून बंदरावर धाव. तुमची छाती कशी धडधडते ते मी स्टेथोस्कोप लावून ऐकलेलं आहे. त्या एकसष्ट दिवसांतले दहा दिवस सेक्रेटरीकडे फायली द्या आणि घरी राहा. जाळी विणायला बसलात तरी चालेल, हात चालतात तेव्हा डोकं निवतं.

गावकऱ्यांनो, तुम्हाला थोडकंच. सरपंच दुपारी झोपलेले दिसले तर हाक मारू नका. रात्री नऊनंतर दिव्याच्या बल्बसाठी फोन करू नका. तिठ्यावर कुणी "झोपाक निवडून आणलो" म्हणालं तर तिथेच सांगा, माणूस आहे, झोपेल.

आणि पदाधिकाऱ्यांनो, तिशी उलटलेल्या प्रत्येकाचं प्रेशर आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. रजेच्या पहिल्याच दिवशी जा. बाकाच्या कडेला बसू नका, पाठ टेकून बसा. पाच मिनिटं शांत बसल्यावरच आकडा खरा येतो.

शेवटी एक ठराव लिहून देते. येत्या मासिक सभेत ऐनवेळच्या विषयांत घ्या, नाहीतर सरळ अजेंड्यावर घाला.

"विषय: सरपंच यांची साप्ताहिक सुट्टी व वार्षिक रजा. ठराव: सरपंच दर आठवड्याला एक ठरावीक दिवस आणि वर्षातून एकदा सलग आठ दिवस कामकाजातून रजा घेतील. त्या काळात दैनंदिन कामकाज उपसरपंच पाहतील. रजेवर जाण्यापूर्वी चालू कामांची नोंद वहीत करून ती उपसरपंचांना समजावून देण्यात येईल व दोघांच्या सह्या घेण्यात येतील. रजेच्या तारखा आणि संपर्काचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर तीन दिवस आधी लावण्यात येईल. आपत्तीच्या काळात पदाधिकारी व सदस्य यांच्या पाळ्या लावण्यात येतील."

सूचक म्हणून दुसऱ्या एखाद्या सदस्याला उभं करा, शक्य असेल तर विरोधी पॅनेलमधल्या. आणि पहिल्या रजेची तारीख त्याच सभेत, सगळ्यांच्या देखत, वहीत लिहून घ्या.

आपली,
एक निवृत्त नर्स
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग